तीन फरश्या लांब, दोनला चार बोटं कमी

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. साल 2020. सांगलीहून आत्याचा फोन आला. एरवी तिचं पहिलं वाक्य 'जेवलीस का' हेच असतं. त्या दिवशी ती एकदम म्हणाली, "अगं, माझ्या हातनं एका पोरीची आई फाटली."

झालं होतं असं. पुण्याच्या एका बाईंनी आई गेल्यावर तिच्या पाच साड्या आत्याकडे पाठवल्या होत्या. त्यांची एक वाकळ, म्हणजे गोधडी, करून हवी होती. पाचांत एक हिरवी इरकल होती, लाल टोपतेनी पदराची. ती दिवाणावरच्या ढिगात होती, आणि त्याच ढिगात मिरजेच्या एका गिऱ्हाइकाचंही कापड होतं. मिरजेच्या वाकळेला गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला आत्यानं हाताला लागलेल्या लाल पदराला कात्रीनं चीर दिली आणि टर्रकन चार पट्ट्या फाडल्या. वाकळ मिरजेला पोचली. आठवड्यानं पुण्याहून फोन आला, "आत्या, इरकलचा पदर मधोमध घ्याल ना?" तेव्हा उलगडा झाला.

आत्या एसटीनं मिरजेला गेली, खरं काय ते सांगितलं, गोट उसवून आणला आणि स्वतःच्या साडीचा नवा गोट लावून दिला. पुण्यालाही फोन करून लपवाछपवी न करता सांगितलं. त्या बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पट्ट्या तर पट्ट्या, पण मधेच लावा. तसं केलं. प्रकरण तिथं मिटलं, आत्याच्या मनात मात्र मिटलं नाही.

"तू कारखान्यात माणसांना जिन्नस जागच्या जागी ठेवायला शिकवतेस ना?" ती मला म्हणाली. "मग इथं येऊन शिकव."

मी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात कार्य-अभ्यास विभागात आहे. माणूस काम करताना किती चालतो, किती वाकतो, कुठं अडतो हे मोजायचं आणि मांडणी बदलायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. 2021 च्या फेब्रुवारीत घरून काम सुरू होतं, म्हणून लॅपटॉप घेऊन पंधरा दिवस सांगलीला गेले. पुढे लिहिलं आहे ते त्या पंधरा दिवसांचं आणि नंतरच्या वर्षभराचं. त्यात माझी एक चूक आहे आणि ती चूकच या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून ती सविस्तर सांगते.

सोपा आणि वाकळ

घर गावभागातलं, जुनं. पुढचा सोपा, म्हणजे बाहेरची खोली, चौदा फूट बाय दहा फूट. त्यात एक लोखंडी कपाट, एक दिवाण, लोखंडी पायांचं, मोटर लावलेलं शिलाई मशीन, टीव्ही, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि जिथं जागा सापडेल तिथं बोचकी. शेजारपाजारचं बसणं-उठणंही इथंच. काम करणाऱ्या दोघी. आत्या एकसष्टची, उंची चार फूट अकरा इंच, गुडघे दुखरे. वहिनी, म्हणजे तिची सून, छत्तिशीची, पाच फूट पाच इंच, मशीनवर हात बसलेला. शिवाय नऊ वर्षांची भाची, जिचं काम पुढं येईल.

पुण्यात जिला गोधडी म्हणतात तिला आमच्याकडे वाकळ म्हणतात. थोडं खाली कर्नाटकात उतरलं की ती कौदी होते. जिन्नस तोच: जुन्या सुती साड्यांचे थर, वर ठिगळांची किंवा अखंड साडीची खोळ, आणि धावदोऱ्यानं कडेपासून आत आत येत चौकटीत चौकट घातलेली.

मापाचं गणित मला भारी आवडलं. सहावारी साडी म्हणजे अठरा फूट. तिच्या तीन घड्या केल्या की सहा फूट लांबीचे तीन थर, आणि पन्हा पंचेचाळीस इंच. दोन साड्या घेतल्या की सहा थरांची एकाची वाकळ तयार, एक वीतही वाया नाही. नऊवारी सत्तावीस फूट, तिच्या चार घड्या केल्या तर लांबी पावणेसात फूट. उंच माणसाची वाकळ नऊवारीची का करायची, ते इथं कळलं.

2019 च्या पुरानंतर भावानं सोप्यात दोन बाय दोनच्या नव्या फरश्या बसवल्या होत्या. आत्यानं तेव्हापासून टेप सोडला. तीन फरश्या लांब, दोनला चार बोटं कमी रुंद. फरशीचा सांधा हीच तिची पट्टी आणि काटकोनही तोच. नव्या फरशीबद्दल ती हजार तक्रारी करते, गार लागते, पाय घसरतो, पण ही एक सोय तिला मान्य आहे.

आता टाक्यांचा हिशेब. पंचेचाळीस बाय बहात्तर इंचांच्या वाकळेत दोन रांगांमध्ये एक इंच अंतर ठेवलं, तर सगळ्या रांगा मिळून लांबी भरते 3,240 इंच. म्हणजे ब्याऐंशी मीटर. आत्याचा टाका इंचाला चार पडतो. तेरा हजार टाके झाले, एका वाकळेला. अर्ध्या इंचावर रांगा घ्यायच्या म्हटलं तर सगळंच दुप्पट. वावभर, म्हणजे दोन हात पसरून होतो तेवढा, दोरा घेऊन बसलं तरी साठेक वेळा सुई ओवावी लागते. हे आकडे कागदावर मांडले तेव्हा आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "एवढं करते मी?" म्हणाली. चाळीस वर्षांत कोणी मोजलं नव्हतं.

दोरा आराखडा, आणि माझी चूक

आमच्या विभागात एक जुनी, सोपी पद्धत आहे. खोलीचा नकाशा पुठ्ठ्यावर काढायचा, माणूस जिथं जिथं जातो तिथं टाचणी टोचायची, आणि माणूस हलेल तसा एका टाचणीवरून दुसरीवर दोरा गुंडाळत न्यायचा. शेवटी जिथं दोऱ्याचा गुंता दाट दिसेल तिथं कामाचा वेळ गळतो आहे असं समजायचं. कारखान्यात याला साधा दोरा वापरतात. मी आत्याच्याच रिळाचा लाल दोरा घेतला आणि दिवाणाच्या कोपऱ्यावर पुठ्ठा मांडीवर घेऊन बसले.

पहिल्याच तासात आत्या अकरा वेळा उठली. चार वेळा कात्रीसाठी, कारण कात्री एकच होती आणि ती मशीनवर वहिनीकडे. तीन वेळा इस्त्रीसाठी माजघरात, कारण सोप्यातल्या एकुलत्या प्लगावर एका बोर्डात मशीनची मोटर, ट्यूब, टीव्ही आणि मोबाइल. दोनदा कापड शोधायला. एकदा दाराशी कोण आलं ते बघायला. एकदा नुसतीच, गुडघा मोकळा करायला. जमिनीवरून अकरा वेळा उठणं म्हणजे काय, हे साठीला आलेल्या माणसाला सांगायला नको. ती आधी कुशीवर वळायची, मग हात टेकायची, मग दिवाणाला धरून उभी राहायची.

पुठ्ठ्यावर मशीन ते चटई आणि चटई ते माजघराचं दार अशी दोन जाड लाल दोरखंडं तयार झाली. निदान स्पष्ट होतं. कात्री दुसरी आणा, इस्त्री बाहेर आणा, आणि आत्याला जमिनीवरून उठवून टेबलाशी बसवा. जगभरच्या रजया शिवणाऱ्या बायकांच्या खोल्या मी रात्रभर मोबाइलवर पाहिल्या. सगळीकडे मोठालं टेबल, भिंतीवर हारीनं टांगलेली अवजारं. दुसऱ्या दिवशी बाजारातून भुसा दाबून केलेल्या फळीचं साडेचार फुटी टेबल आणलं, वर गुळगुळीत सनमायका, उंची तीस इंच. सोबत चाकासारखा फिरणारा गोल सुरीचा कटर आणि त्याच्याखाली अंथरायची हिरवी चटई. आत्या काही बोलली नाही. भाचीला कटर फार आवडला.

तिसऱ्या दिवशी टेबल हरलं.

वाकळ त्यावर मावेना, म्हणून निम्मी खाली लोंबायची आणि तिच्या वजनानं उरलेली निम्मी सरकायची. सनमायक्यावर सुती थर एकमेकांवरून निसटायचे. टेबलाच्या कडेला उभं राहून मध्यापर्यंत हात पोचवायचा तर आत्याला पोट टेबलावर टेकवून आडवं व्हावं लागायचं. संध्याकाळी तिनं वाकळ ओढून पुन्हा जमिनीवर घेतली, तिच्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बाळा, वाकळ टेबलावर चढत नाही. वाकळीवर आपण चढायचं असतं."

हे वाक्य मी आधी विनोद म्हणून घेतलं. ती कामाची पद्धत सांगत होती. वाकळेवर बसलेल्या बाईचं वजन हेच तिचं यंत्र. ते वजन थर दाबून ठेवतं, डावा हात कापडाची निरी उचलतो, उजवा सुई त्या निरीतून पार करतो, आणि खालून हात घालावा लागत नाही. परदेशातल्या त्या टेबलांवर मधे कापसाचा जाड गादा असतो, मशीनखाली सरकवत मधूनच कडेकडे शिवत जातात. तिथं टेबल शोभतं. आमची वाकळ कडेकडून आत येते. दोन्ही कामांना नाव एकच दिलं म्हणून जागा एकसारखी होत नाही.

झोळ

मग मी मोजणं थांबवलं आणि विचारायला लागले. वहिनींना विचारलं, सगळ्यात जास्त राग कशाचा येतो? मला वाटलं कात्री म्हणतील.

"झोळाचा," त्या म्हणाल्या. "मधे झोळ येतो, मग उसवायचं. प्रत्येक वाकळीला दीड-दोन दिवस उसवण्यात जातात. आईंना वाटतं हात गेला आपला."

कडेकडून आत शिवत येताना कापडात कुठं सैलपणा राहिला असेल तर तो टाक्यांच्या पुढे ढकलला जातो आणि शेवटी मधोमध येऊन फुगतो. यावर उपाय एकच: पक्का टाका घालण्याआधी सगळे थर कच्च्या दोऱ्यानं नीट टाचून घ्यायचे, तेही मधून कडेकडे, म्हणजे सैलपणा बाहेर निघून जातो. मग कडेकडून मधे पक्का धावदोरा. आत्याला हे कोणी शिकवायची गरज नव्हती, तिनंच वहिनींना शिकवलं होतं. मग झोळ का यायचा?

कारण सोप्यात सहा बाय पावणेचार फुटांची वाकळ सपाट पसरायला जागाच नव्हती. दिवाण आणि कपाटाच्या मधे जेमतेम पाच फूट. पूर्वी दोघी मिळून दिवाण उचलून भिंतीला उभा करायच्या. आत्याची कंबर धरायला लागली तसं ते बंद झालं. मग वाकळ दुमडून आधी निम्मी टाचायची, मग उलटी फिरवून उरलेली निम्मी. दोन्ही निमे आपापल्या जागी सपाट, आणि जिथं घडी तिथं, बरोबर मधोमध, बोटभर सैल कापड. हेच ते उसवणं आणि हेच ते "हात गेला".

माझ्या दोरा आराखड्यात हे कुठंच दिसलं नव्हतं. दिसणार कसं? टाचताना आणि उसवताना माणूस एका जागी बसलेला असतो, टाचणीवरून टाचणीवर दोरा जातच नाही. मी चालणं मोजलं, कारण ते मोजायला सोपं होतं. तासाला अकरा वेळा उठणं वाईटच, पण त्यात मिनिटं जात होती. दिवस जात होते ते दिवाणाखाली.

मग काय केलं

दिवाण माजघरात गेला. यावर दोन दिवस घरात महाभारत झालं, कारण दुपारी भाऊ त्यावर आडवे होतात आणि माजघरात वारा येत नाही. शेवटी आत्यानं निकाल दिला: पंखा तिकडे लावा. लोखंडी कपाट उचलून सोप्याच्या आतल्या भिंतीला लावलं. टीव्ही भिंतीवर चढला. आणि सोप्याच्या मधोमध साडेचार फरश्या लांब, साडेतीन फरश्या रुंद एवढी जमीन रिकामी ठेवायची असं ठरलं. वाकळ पसरून तिच्याभोवती दीड फूट फिरायला जागा. तिथं खुर्ची नाही, बोचकं नाही, चपला नाहीत. भाचीनं खडूनं चौकट आखली आणि आत पाऊल टाकणाऱ्याला पाच रुपये दंड ठरवला. पहिला दंड मीच भरला.

टाचण्याचं काम आता वहिनी जमिनीवर बसून करतात. त्यांचे गुडघे अजून तरुण आहेत. चार कोपऱ्यांना वजन हवं म्हणून पाट्याचा वरवंटा, खलबत्त्यातला बत्ता आणि दोन विटा घेतल्या, सगळ्यांना जुन्या धोतराच्या खोळी शिवल्या. वीत-वीत अंतरावर कच्च्या रांगा, मधून कडेला. दीड तासात एक वाकळ टाचून होते, अख्खी, न दुमडता.

एकदा नीट टाचली की वाकळेला जमिनीची गरज कमी होते. थर आपापले धरून राहतात, ज्या कामाला वजन लागायचं ते काम कच्चा दोरा करतो. म्हणून हातशिलाईसाठी आत्याला आता खुर्चीत बसता येतं. ही सोय शोधायला मात्र चार-पाच दिवस चाचपडलो. प्लॅस्टिकची खुर्ची सतरा इंच उंच, त्यात आत्याचे पाय लोंबकळायचे आणि मांडीखाली रग लागायची. पायाखाली जेवणाचा पाट दिला, ते सुटलं. पुढ्यात बावीस इंची टीपॉय, त्यावर शिवायचा भाग. उरलेली वाकळ डाव्या हाताला दुसऱ्या टीपॉयवर, त्याच उंचीवर, घडी करून. हे दुसरं टीपॉय दिसायला बिनकामाचं, पण सगळी गंमत त्याच्यात आहे. सहा-सात थरांची वाकळ मांडीवरून खाली लोंबली की तिचं ओझं टाका घालणाऱ्या हाताला आणि मानेला ओढत राहतं. एका टाक्याला ते जाणवत नाही, तेरा हजारांना जाणवतं. एक बाजू झाली की वाकळ फिरवायची, आपण फिरायचं नाही.

मशीनलाही तेच केलं. डावीकडे आणि मागे मशीनच्या पाट्याएवढ्या उंचीची दोन स्टुलं, म्हणजे गोट लावताना कापड खाली कोसळत नाही आणि सुई वाकत नाही. जाड थरांवर गोट मारताना वहिनी अठरा नंबरची सुई लावतात. चौदा नंबरच्या सुया त्यांनी पूर्वी किती मोडल्या त्याचा हिशेब त्या हसत सांगतात.

टेबल फुकट गेलं नाही. त्यावर कापड निवडणं, इस्त्री आणि ठिगळं कापणं चालतं, उभ्यानं. वहिनींच्या कोपराच्या हिशेबानं ते तीस इंचांचं टेबल फार खाली होतं, वाकून त्यांची पाठ भरून यायची. चारी पायांखाली लाकडी ठोकळे देऊन ते चौतीसवर नेलं, घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्याएवढं. कटरचा उपयोगही सापडला. धडधाकट सुती कापड आत्या कात्रीनं चीर देऊन फाडते, ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं आणि त्या आवाजाचं तिला सुख आहे. पण वापरून विरलेली साडी फाडायला जावं तर ती जिथं जीर्ण असेल तिथं तिरकी जाते. ती कटरनं कापायची. आईच्या, आजीच्या म्हणून येणाऱ्या साड्या बहुतेक अशाच असतात.

इस्त्री हजार वॅटची. घरातला साधा सहा अँपिअरचा प्लग तेवढी पेलतो, पण त्याच बोर्डावर बाकीची जत्रा भरलेली असल्यानं बोर्ड हाताला कोमट लागायचा. वायरमन बोलावून टेबलाशी वेगळा प्लग काढून घेतला.

उजेडाचं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उशिरा सुचलं. ट्यूब आत्याच्या पाठीमागे होती, त्यामुळे तिच्याच डोक्याची सावली टाक्यावर. तिथून काढून डाव्या भिंतीवर लावली. उजव्या हातानं शिवणाऱ्याला उजेड डावीकडून हवा. साठीतल्या डोळ्यात विशीतल्या डोळ्याच्या तिसरा हिस्साच उजेड पोचतो, तेव्हा "मला दिसत नाही" ही नुसती चष्म्याची तक्रार नसते. काळ्या आणि गडद हिरव्या कापडावरचं काम दुपारी तीनच्या आत, हा नियम आत्यानं स्वतः घातला.

आणि सुया. साठ वेळा ओवायची सुई हा आत्याचा रोजचा अपमान होता. आता भाची सकाळी शाळा सुरू व्हायच्या आधी बारा सुया वावभर दोऱ्यासकट ओवून एका उशीवर टोचून ठेवते. त्या संपल्या की आत्याची सुट्टी, मग चहा, मग उठून चार पावलं. हा विसावा मी ठरवून घातला असता तर तिनं जुमानला नसता. सुयांनी तो आपोआप घातला.

सगळा खर्च टेबल धरून साडेसहा हजारांच्या आत झाला. टेबल सोडून द्यायचं तर निम्म्याहून कमी.

एका बाबतीत मी साफ हरले. आत्याची खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, उजेडाचा कोन तिथं उत्तम होता. दुसऱ्या दिवशी ती दाराकडे वळलेली. मी परत फिरवली, तिनं परत वळवली. "रस्ता दिसला पाहिजे," म्हणाली. मी ट्यूब चार फूट सरकवली. नंतर पाहिलं, दर दोन-चार रांगांनी ती मान वर करून रस्त्यावरच्या कोणाला तरी हाक मारते. डोळ्यांचा डॉक्टर हेच करायला सांगतो, फक्त त्यात गप्पा नसतात.

गाठोडी

आता इरकलकडे येते, कारण बोलावणं त्यासाठीच होतं.

मी छापील चिठ्ठ्या केल्या होत्या, नाव, तारीख, साड्यांची संख्या. त्या आठवड्यात गळून पडल्या. आत्याची पद्धत वेगळी निघाली. एका गिऱ्हाइकाचं कापड एका गाठोड्यात, आणि गाठोड्याच्या गळ्याला त्याच गिऱ्हाइकाच्या साडीच्या आतल्या दुमडीतली चिंधी बांधायची. हातात घेतलेलं कापड आणि गळ्यातली चिंधी यांची गाठ पटली नाही की हात थांबतो. वहिनी त्यात एकच भर घालतात: कापड आलं की खडूच्या चौकटीत पसरून फोटो काढतात आणि गिऱ्हाइकाला पाठवतात. "एवढ्या साड्या पोचल्या." एका वेळी चौकटीत एकच गाठोडं उघडायचं. दुसरं उघडायचं तर पहिलं बांधून खुंटीवर.

खुंट्या का, फळ्या का नाहीत, याला कारण कृष्णा आहे. आयर्विन पुलाशी पाणी पंचेचाळीस फुटांवर गेलं की धोक्याची पातळी, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये या सोप्यात माझ्या खांद्याएवढं पाणी होतं. कपाटातल्या खालच्या तीन फळ्यांवरचं सगळं कापड गाळात गेलं, त्यात लोकांच्या साड्या होत्या. आत्यानं त्या धुतल्या, उन्हात घातल्या, पुन्हा धुतल्या, वास जाईना. गिऱ्हाइकं समजूतदार होती, पूर सगळ्यांच्याच घरात होता. पण मला उंच माळा करायचा होता त्याला आत्यानं नकार दिला, रोज शिडी चढणार कोण? मग उंचीचा नाद सोडून असं ठरवलं की जे आहे ते पटकन उचलता आलं पाहिजे. चौदा खुंट्या, चौदा गाठोडी, कमरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात. चौदाच्या वर काम घ्यायचं नाही. गाठोडी सुती कापडाचीच, प्लॅस्टिकची नाहीत, कारण पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये कापडाला घाम सुटतो आणि बुरशीचे ठिपके पडतात. आत वेखंडाचा तुकडा, कसर लागू नये म्हणून.

परीक्षा वाटलं त्याच्या आधीच झाली. पाच महिन्यांनी, 2021 च्या जुलैत, कृष्णा पुन्हा चढली. मी पुण्यात होते, वहिनी व्हिडिओ कॉलवर. चौदा गाठोडी दोघी आणि भाची मिळून शेजारच्या दुमजली घरात नेऊन ठेवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मशीनचं डोकं मागच्या दोन बिजागऱ्यांचे स्क्रू सैल करून भावानं काखेत मारून नेलं. लोखंडी पाय खाली राहिले, ते धुतल्यावर आणि तेल दिल्यावर पुन्हा चालू लागले. कापड एकही भिजलं नाही.

भिजलं ते माझं टेबल. भुशाची फळी पाणी पिऊन पावासारखी फुगली, सनमायका सुटून वर आला. पूर येतो अशा घरात भुशाचं टेबल आणणारी मी, आणि म्हणे कार्य-अभ्यास! आता तिथं लोखंडी चौकटीवर जुन्या दाराची सागवानी फळी आहे. ती भावानं सुचवली होती, पहिल्याच दिवशी, आणि मी ऐकलं नव्हतं.

वर्षभरानंतर

2022 च्या फेब्रुवारीत पुन्हा गेले आणि पुन्हा पुठ्ठा घेऊन बसले. आत्या तासात चार वेळा उठली, त्यातल्या दोन वेळा चहासाठी. एका वाकळेला पूर्वी तेरा-चौदा दिवस लागायचे, आता नऊ-दहा. यातलं सगळं श्रेय मांडणीचं नाही, टाचण्याचं काम वहिनींनी उचललं हेही त्यात आहे. पण ते त्यांना उचलता आलं ते फरशी मोकळी झाली म्हणून. मधल्या वर्षभरात झोळामुळे उसवावी लागलेली वाकळ एकच, तीही पाव्हणे आल्यामुळे घाईत टाचलेली. कापडाची अदलाबदल एकदाही नाही. मान दुखण्याची तक्रार गेली, गुडघे मात्र आहेत तसेच आहेत. त्यांच्यावर उपाय माझ्याकडे नाही.

खडूची चौकट पुसली गेली आहे, पण कोणी आत पाऊल टाकत नाही. शेजारच्या काकूसुद्धा वळसा घालून येतात. दंडाचा डबा भाचीनं फोडून गोळ्या आणल्या.

एक गोष्ट मात्र आत्यानं बदलू दिली नाही. वाकळ शिवत शिवत मधे येते आणि शेवटची, विताएवढी चौकट उरते, तेव्हा ती खुर्ची सोडते. वाकळ फरशीवर पसरायला लावते, हात टेकत, कण्हत खाली बसते, मधोमध, मांडी घालून, आणि ती चौकट तिथं बसूनच पुरी करते. वहिनी चिडतात. मीही चिडून पाहिलं. "ऊब बघते," एवढंच म्हणते. आता वहिनी शेवटच्या दिवशी एक स्टूल आधीच चौकटीच्या कडेला आणून ठेवतात, आत्याला धरून उठता यावं म्हणून.